निरोगी मेंदूचा मानकरी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७:१०

आजपासून रोजनिशी. डायरी विकास सोसायटीची, मागच्या वर्षीची आहे, पण तारखा खोडून घालतोय. या घरात काय चाललंय याचा लेखी पुरावा पाहिजे. बैठक बसली की तोंडी बोललेलं कुणी मानत नाही.

काल सूनबाईंना पुन्हा फिट आली. भाकरी थापता थापता आडव्या झाल्या. लग्नाला अकरा महिने, ही सहावी. व्याही दत्ताजीराव, राहणार दौंड, रेल्वेतून रिटायर. स्थळ दाखवताना पोरगी बी.एस्सी. आहे, स्कूटी चालवते, पुरणपोळी करते, सगळं सांगितलं. फिट येतात एवढंच राहिलं. म्हणे मध्यस्थाला सांगितलं होतं. मध्यस्थ फोन उचलत नाही.

ही सरळ फसवणूक आहे. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असलं काही नाही.

निश्चय: डिसेंबर संपायच्या आत दौंडला बैठक लावायची आणि चार माणसांसमोर पोरगी परत करायची. चिरंजीव सत्यजीत बायकोच्या बाजूने बोलतो. रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्याला बापापेक्षा जास्त कळतं. मंडळी, म्हणजे अनिता, गप्प आहे. गप्प म्हणजे माझ्या बाजूने.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

चहाचा कप हातातून सुटला. मांडी भाजली. कप गुळगुळीत. असले कप माहेरून आणायचे आणि सासऱ्याला भाजायचं.

सूनबाईंचं म्हणणं, "आबा, मी तीनदा हाक मारली. तुम्ही शर्टाचं बटण चाळवत होता, ऐकतच नव्हता."

मी विचारात होतो. विचार करणारा माणूस या घरात कुणी पाहिलेला नाही, त्याला मी काय करू. शिवाय त्याआधी गूळ करपल्याचा वास आला होता. गॅसवर काय जाळलं, विचारलं. काहीच ठेवलेलं नाही म्हणाल्या. खोटं बोलायची सवय माहेरचीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

शिरूर. सूनबाईंना डॉक्टरकडे नेलं, कारण चिरंजिवांची शिफ्ट. मेंदूच्या डॉक्टर पुण्याहून दर शनिवारी येतात. बघतो तर आमच्या चांदभाईची निखत. चांदभाई म्हणजे शिरूरला मोटारी वायंडिंग करतो तो. हिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय. आता ही मला "काका, बसा" म्हणते, आणि खुर्ची हलणारी देते.

सूनबाईंचे आधीचे दोन्ही एमआरआय नॉर्मल. मग फिट कशाने येते, विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या चकत्या जाड पडतात. बारीक डाग दोन चकत्यांच्या मध्येच राहतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. आता पुण्याला त्यांचं नवीन संशोधन चालू आहे. चकत्या पातळ घ्यायच्या, त्याच वेळी डोक्याला वायरींची टोपी घालायची, आणि पेशंटचा मेंदू शेकडो नॉर्मल मेंदूंशी कॉम्प्युटरवर ताडून बघायचा. वेगळं कुठं दिसतंय ते सापडतं. डाग सापडला तर ऑपरेशन करता येतं. ऑपरेशन झालं की पुष्कळांच्या फिट थांबतात. सूनबाईंना १८ डिसेंबरची तारीख दिली. सूनबाईंनी ती हातावर पेनाने लिहून घेतली.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंट भरपूर आहेत काका. आपल्या भागातली नॉर्मल माणसंच मिळत नाहीत."

समोर बसलेला माणूस त्यांना दिसला नाही. मीच नाव दिलं. फॉर्म चार पानी, अक्षर मुंगीएवढं. रक्ताच्या नात्यात फिट? नाही. लहानपणी झटके? नाही. बेशुद्धी? नाही. डोक्याला मार? नाही. (शाळेत असताना बैलाने गव्हाणीवर आपटलं होतं, पण त्यात चूक बैलाची होती.) सही ठोकली. माझी तारीख २० नोव्हेंबर.

आता दत्ताजीरावांसमोर नुसतं तोंडी बोलायचं नाही. सरकारी शिक्का असलेला नॉर्मल मेंदू टेबलावर ठेवायचा. हे असं आमचं रक्त, आता तुमचं दाखवा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बिलालच्या दुकानात फ्लेक्स छापायला टाकला. दहा बाय आठ. मजकूर माझाच:

"निमोणे गावचे सुपुत्र, जाणते नेतृत्व मा. पोपटराव आबा यांची पुणे येथील मेंदू संशोधनासाठी निरोगी मेंदू म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार."

मित्रपरिवाराला विचारत बसलो नाही. गॉगलवाला फोटो. मागे मेंदूचं चित्र टाक म्हटलं तर बिलालने जे टाकलं ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं. तो म्हणतो, "आबा, मेंदू असाच असतो." त्याचा असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फ्लेक्स चौकात लागला. सोसायटीचा चेअरमन तात्याबा पारावर म्हणाला, "पोपटरावला मेंदू हाय हे बघायला लोकं पुण्यास्नं मशीन घिऊन आली म्हंजी मोठीच गोष्ट हाय." लोक हसले. जळणाऱ्यांनी जळावं.

हाच तात्याबा गेल्या वर्षी चेअरमन झाला तो माझ्या मौनामुळे. सभेत मला विचारलं, अर्ज ठेवता का मागं घेता? मी एक दीड मिनिट बोललो नाही. तो डावपेच होता. यांनी लिहून टाकलं, माघार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९:२०

बैठकीचं भाषण लिहायला घेतलं.

"उपस्थित मान्यवर, आमचं घराणं हे निमोण्यातलं जाणतं घराणं. आमच्यात लपवाछपवी चालत नाही. जे असेल ते आम्ही चारचौघांत सांग सांग सां

९:२७

पेन बिघडलं. पानभर रेघोट्या. हल्ली एकही वस्तू धड मिळत नाही. दारात सूनबाई मोबाईल घेऊन उभ्या होत्या. काय बघताय, विचारलं. "काही नाही आबा," म्हणाल्या आणि मोबाईलमध्ये काहीतरी टाइप केलं. माहेरी चुगल्या चालल्यात. नजर ठेवली पाहिजे.

भाषण उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

साखरबाई आत्याकडे गेलो. वय पंच्याऐंशी, पण फ्लेक्सची बातमी पोचली होती. आत्या म्हणाली, "तुजा मेंदू कसा निरोगी रं? तू चार वर्साचा आसताना तापात तासभर झटकं आलं व्हतं. डोळं पांढरं केलं व्हतंस. तुज्या आईनं कांदा हुंगवला, हातात किल्ल्या दिल्या. वाचतोय का न्हाई आसं झालं व्हतं."

आत्याला आता काही आठवत नाही. एकाचं दुसऱ्याला लावते. बहुतेक आमच्या धाकट्या चुलत्याची गोष्ट असणार. चुलते वारले, त्यामुळे खात्री करता येत नाही.

आत्याला सांगितलं, हे बाहेर बोलायचं नाही. लपवायचं म्हणून नाही. लोक अर्धवट ऐकतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार. रात्री जेवणाआधी

पुण्याला जाऊन आलो. एकूण कामगिरी उत्तम.

केसांना तेल लावू नका, असं फोनवर सांगितलं होतं. पण पुण्याला जायचं आणि भुऱ्या केसांनी? व्यवस्थित चोपून गेलो. मग वायरी चिकटेनात. दोन पोरींनी बेसिनपाशी वाकवून शाम्पूने दोनदा डोकं धुतलं. वायरी निकृष्ट. अंगठी, करदोटा, सगळं काढायला लावलं. करदोटा लग्नानंतर पहिल्यांदा निघाला.

पाऊण तास मशीनमध्ये. आत ठोकाठोकीचा आवाज, सगळं घर पाडतायत असा. मी दगडासारखा पडून होतो. मध्येच पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं आणि गूळ करपल्याचा वास आला. मशीन तापलं असणार.

बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला, "काका, मी माइकवरून चारदा विचारलं, ठीक आहात का. तुम्ही उत्तर दिलं नाही. तोंड चघळल्यासारखं चालू होतं, आणि एका हाताने चादर ओढत होता." म्हटलं, माइक खराब आहे. तंबाखू सोडून सहा वर्षं झाली, आता जिभेने दात चाचपायचे पण नाहीत का.

डॉक्टर निखत काचेमागून आल्या. चेहरा गंभीर. मोठं काही हाती लागलं की ही माणसं अशीच गंभीर होतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून फोन. मला पुन्हा बोलावलंय. दुसरा स्कॅन.

एकदा बघून त्यांचं समाधान झालं नाही. नॉर्मल मेंदू पुष्कळ पाहिले असतील, असा पाहिला नसेल. बिलालला सांगून ठेवलं, दुसऱ्या फ्लेक्सला जागा ठेव. "दुसऱ्यांदा निवड."

फोनवरच्या मुलीने डॉक्टरांची एक विचित्र सूचना सांगितली. रिपोर्ट होईपर्यंत गाडी चालवू नका. मेंदूची काळजी घेतायत. पण हे अति झालं.

याच फोनवर दुसरं एक काम उरकलं. सूनबाईंची १८ डिसेंबरची तारीख रद्द करून टाकली. सासरा बोलतोय म्हटलं. पोरगी आता दौंडला जाणार, डाग शोधायचा तर त्यांनी शोधावा, आणि ऑपरेशन करायचं तर त्यांनी करावं. दुसऱ्याच्या फसवणुकीची दुरुस्ती आपण का करायची. घरात कुणाला सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा स्कॅन. या वेळी तेल नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कुणी बरोबर आहे का, त्यांना दोन प्रश्न विचारायचेत. कुणी नाही म्हटलं. माझ्या मेंदूबद्दल घरच्यांना काय विचारायचं? त्यांचं मत चांगलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४:००

मोटारसायकल उसात गेली.

न्हावऱ्याहून येत होतो. रस्ता सरळ. तिथे वळण नाही, पण ऊस होता. ऊस रस्त्याच्या इतका जवळ लावायचा नसतो. ग्रामपंचायतीत तक्रार देणार. ऊसतोडीच्या माणसांनी ओढून बाहेर काढलं. डावा खांदा, गुडघा, दोन दात हलतायत. पुढे ट्रॅक्टर होता म्हणतात. दोन ट्रॉल्या जोडलेला. मला तो दिसला नाही. त्याच्याशेजारून कसा गेलो तेही ध्यानात नाही.

घरी आल्यावर सूनबाई रडायला लागल्या. "आबा, पाया पडते, गाडी चालवू नका." म्हटलं, मला शिकवू नका, तुम्ही चुलीपासून लांब बसा. हे बोलल्यावर अनिता ताट आपटून आत गेली. पहिल्यांदाच आपटलं.

६ डिसेंबर, शनिवार

शिरूरला डॉक्टरांनी एकट्याला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. हलणारी खुर्ची.

म्हणाल्या, "काका, तुम्ही नॉर्मलच्या यादीत बसत नाही. डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, आठवणींच्या भागात जुना डाग आहे. मशीनमध्ये असताना वायरींवर झटकासुद्धा आला. दीड मिनिटाचा. यालाही फिटच म्हणतात. प्रत्येक जण जमिनीवर पडतोच असं नाही."

त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. राखाडी पट्टी, एका बाजूला भरीव, दुसऱ्या बाजूला चोपलेली. जाड चकत्यांच्या मशीनवर हे दिसलंच नसतं म्हणाल्या. मग जाड चकत्याच काढायच्या होत्या.

लहानपणी तापात झटके आले होते का, असं पुन्हा विचारलं. नाही म्हटलं. फॉर्मवर सही केलीय, आता शब्द फिरवणं बरं दिसत नाही.

गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी खिशात. घेणार नाही.

परस्पर चांदभाईच्या दुकानात गेलो. म्हटलं, तुझ्या पोरीला अजून बरंच शिकायचंय. तो खाली मान घालून तार गुंडाळत होता. म्हणाला, "पोपटराव, तुमची मोटार खोलून मी कॉइल जळलीया म्हनलं, तवा तुम्ही मला शिव्या दिल्या व्हत्या का?"

दिल्या होत्या. २०१९ साली. तसं सांगितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

फ्लेक्स उतरवला. वाऱ्याने एक कोपरा सुटला होता, म्हणून. खरं तर कोपरा मीच सोडवला. तात्याबा पारावरून बघत होता. म्हणाला, "का वो, निवड रद्द झाली का?" म्हटलं, मुदत संपली.

रिपोर्ट चुकीचा आहे याबद्दल शंका नाही. तेलामुळे झालं असेल. तिकडे हजार डोकी येतात, फाइली बदलतात. कुणाचातरी डाग माझ्या नावावर लागलाय, आणि त्या बिचाऱ्याला नॉर्मल सांगितलं असेल.

बैठक २१ ला. ठरली. रिपोर्ट कपाटात, जुन्या सातबाऱ्यांच्या खाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सूनबाई सकाळी सहाला तयार होऊन बसल्या. डोकं धुतलेलं, तेल नाही, बांगड्या काढलेल्या. पुण्याची तारीख आज. सत्यजीतने रजा काढली होती. मी विसरलो होतो.

दोघं गेले. दुपारी दोनला परत. तिथं सांगितलं, तुमच्या सासऱ्यांनी फोन करून नाव काढलंय.

 सत्यजीतने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या आणि मागच्या दाराला जाऊन उभा राहिला. सूनबाईंनी बांगड्या भरल्या आणि भाजी चिरायला घेतली. 

मी घरच्या हिताचाच निर्णय घेतला. तो आज कुणाला पटत नाही, पुढे पटेल. जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार. सायंकाळी

दौंड.

जेवढं मला आठवतं तेवढं लिहितो. व्याह्यांच्या घरी, रेल्वे लाइनपलीकडे, हॉलमध्ये सतरंज्या. आमच्याकडून मी, अनिता, सत्यजीत, तात्याबा. (तात्याबाला न्यावं लागलं. चेअरमन नसला तर बैठक वाटत नाही.) त्यांच्याकडून आठ-दहा. साधना, म्हणजे सूनबाई, आईशेजारी बसली होती. मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्यात लपवाछपवी चालत नाही.

मग गूळ करपला.

यापुढचं अनिताने सांगितलेलं. मी बोलता बोलता थांबलो. लोकांना वाटलं, शब्द शोधतोय. मग तोंड चघळायला लागलो आणि बटण चाळवायला लागलो. मग बटण सोडून शेजारच्या माणसाची टोपी काढून चाळवायला लागलो. तात्याबा म्हणाला, "हे ह्येंचं मौन हाय, डावपेच." कुणी हसलं नाही. मग मी सरळ उभ्याचा आडवा झालो आणि हातपाय झाडले. हे पहिल्यांदाच. यापूर्वी कधीच आडवा झालो नव्हतो.

कुणीतरी कांदा फोडून आणला. कुणी किल्ल्यांचा जुडगा. दत्ताजीरावांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावायला आणली. त्यांची चप्पल माझ्या नाकापासून चार बोटांवर होती. साधनाने त्यांचा हात धरला. म्हणाली, "आप्पा, काही लावायचं नाही. लांब व्हा. कुशीवर करा. तोंडात पाणी घालू नका." डोक्याखाली स्वतःची शाल घातली आणि मोबाईलवर वेळ लावली. दोन मिनिटं दहा सेकंद.

शुद्धीवर आलो तेव्हा कुशीवर होतो. पायजमा ओला झाला होता. खोलीतली चौदा-पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. साधना सगळ्यांना सांगत होती, "ही अकरावी. नोव्हेंबरपासून मी लिहून ठेवलंय. आजची मोठी होती, आधीच्या लहान." माझं तिने तिच्याच फिटच्या यादीत लिहिलं होतं. वर तिचं, खाली माझं. सत्यजीतला तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला होता, आत्ता बोलू नकोस, आबा तुला उद्याच दौंडला नेऊन सोडतील.

सोडलं असतं. खरं आहे.

दत्ताजीराव माझ्याशेजारी खाली बसले. मला वाटलं, आता सगळं वसूल करतील. ते हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, आमच्या पोरीचं आम्ही मध्यस्थाला सांगितलं व्हतं. तुमचं तुम्ही कुणाला सांगितलं व्हतं?"

मी बटण चाळवत बसलो. या वेळी शुद्धीत.

पायजमा त्यांचाच घालून आलो. मला आखूड होतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

लाज वाटते. हे एकदाच लिहितोय. पोरगी वर्षभर माझ्या घरात मला चहा देत होती, मी तिला परत करायला निघालो होतो, आणि ती माझी वेळ मोजत होती.

सकाळी पुण्याला फोन लावला. म्हटलं, सासरा बोलतोय. सुनेची तारीख पुन्हा लावा, लवकरातली. फोनवरची मुलगी म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हीच रद्द केली होती ना?" म्हटलं, हो, मीच. तारीख ८ जानेवारी मिळाली. साधनाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिने पेन घेऊन हातावर लिहिलं नाही. माझ्यावर विश्वास नाही. मी पुन्हा फोन लावून तिच्या कानाला दिला, तेव्हा लिहिलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

गोळ्या सुरू. तोंडाला कोरड, दिवसा झोप. डॉक्टरांशी वाद घातला, की मला आत्मबळावर बरं व्हायचंय. त्या म्हणाल्या, आत्मबळ ठेवा, पण गोळी पाण्याबरोबर घ्या. चांदभाईचीच पोरगी. आत्याचं सांगणंही कबूल करून टाकलं, फॉर्म दुरुस्त केला. चार जागी सह्या.

मोटारसायकल सत्यजीतने किल्लीसकट रांजणगावला नेली. मी आता पायी. दूध संकलन केंद्रापर्यंत तेरा मिनिटं लागतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण तब्येत विचारतो. उत्तर देत नाही. तब्येतीने नव्हे, मुद्दाम.

८ जानेवारी, गुरुवार

साधना आणि मी एसटीने पुण्याला. दोघांनाही गाडी चालवायची मनाई. एकाच सीटवर.  वाघोलीत तिने विचारलं, "आबा, तुम्हाला आधी काय होतं?" गूळ करपतो म्हटलं. ती म्हणाली, "मला घंटा ऐकू येते. शाळा सुटल्याची." एवढंच बोलणं झालं. पण बरं वाटलं. असलं मी कुणाशी बोललो नव्हतो. कुणी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी अंगावर गेलो असतो.

३१ जानेवारी, शनिवार

शिरूर. साधनाचा डाग सापडला. उजव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा. जुन्या दोन्ही एमआरआयमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये राहिला होता. ऑपरेशन करता येईल. मार्चमध्ये. साधना ऐकताच रडली. सत्यजीत रडला. मी खिडकीतून एसटी स्टँड बघत बसलो.

मग विचारलं, माझा डाग केवढा? डॉक्टर म्हणाल्या, तुमचा मोठा आहे, तीन सेंटिमीटर. साधनापेक्षा कितीतरी मोठा. घरी आल्यावर अनिताला हे सांगितलं. ती म्हणाली, "आता याचा फ्लेक्स लावू नका."

एक गोष्ट मात्र खटकली. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या वयाचं नॉर्मल माणूस मिळालंय, ताडून बघायला. कोण, विचारलं. नाव सांगता येत नाही म्हणाल्या. न सांगायला काय झालं.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८:०५

दत्ताजीरावांचा फोन. आधी हवापाणी. मग म्हणाले, लेकीच्या आजारासाठी काहीतरी करावं म्हणून त्यांनी पुण्याला नाव दिलं होतं. स्कॅन झाला, टोपी घातली, पाऊण तास पडून राहिले. तेल लावलं नव्हतं. मेंदू संपूर्ण नॉर्मल. एकसष्ट ते पासष्ट वयोगटात सगळ्यात स्वच्छ स्कॅन त्यांचाच आला, असं त्यांना तिथे सांगितलं. रेल्वेत सिग्नलला होते, डोकं शांत राहिलं असेल.

म्हणजे माझा मेंदू यांच्या मेंदूशी ताडून बघणार.

मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "पाव्हणं, हाय ना तुम्ही? का येतंय काय?" हाय म्हटलं. त्यांनी विचारलं, "सकाळची गोळी घेतली का?"

"व्हय, घेतली," म्हणालो.

साधना समोर पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभी होती. फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही घेतली, आप्पा."

मग घेतली.